अळणी जेवणाची सुगी

सुगी आली की माझं नाक आधी जागं होतं. डोळे निम्मे गेले, कान आपल्या मर्जीनं ऐकतात, पण वाळल्या कडब्याचा तो गोडसर, धुळकट वास ओसरीवर आला की मी बसल्या जागी सांगतो, आज कुणाच्या रानात कापणी लागली. परवा तसाच वास आला. आमच्या वरच्या वावरात मळणीचं मशीन घरघरत होतं. एका तोंडानं कणसं गिळतं, दुसऱ्या तोंडानं दाणे ओकतं. सकाळी उभी असलेली ज्वारी संध्याकाळी पोत्यात. बैल नाही, पात नाही, खळं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. खळं काय असतं ते मी पाहिलेलं आहे.

घरात नातसुनेची वेगळीच सुगी चालू आहे. मीना तिचं नाव. शाळेत मास्तरीण आहे. परीक्षेचे दिवस म्हणजे तिच्या जिवाला घोर. सकाळी एका हातानं वेणी आणि दुसऱ्या हातानं गॅस, तोंडानं पोराला हाका, आणि कान फाट्यावर येणाऱ्या बसकडे. अशा बाईला स्वयंपाकाला वेळ कुठला? मग तिला आमच्या घरचं येसर आठवतं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने-जिरे-मिरे, काळा मसाला सगळं एकत्र कुटून डब्यात भरून ठेवायचं. ऐन वेळेला फोडणीत पाणी ओतलं, उकळी आली, मूठभर येसर भुरभुरलं, गुठळी होऊ न देता ढवळलं, की झालं कोरड्यास, भाकरीसोबतची आमटी. त्यात भाकरी कुस्करायची. आजारी माणसाला चालतं, दमलेल्याला चालतं, घाईतल्याला तर चालतंच चालतं.

पण परवा तिनं नवं येसर केलं ते बिनमिठाचं. हिंगोलीच्या डॉक्टरनं माझं मीठ बंद केलंय. मी पहिला घास घेतला आणि ताट पुढं सरकवलं.

"काय झालं आजोबा?"

"अळणी हाये."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? बीपी किती आहे तुमचं?"

"मला उपाशी ठेव एक वेळ. अळणी वाढू नको."

नातू मधे बोलला, "म्हाताऱ्याचा हट्ट म्हंजे दगडावरची रेघ हाये. तू जाय शाळेत." ती गेली, पण डोळे पुसत गेली. संध्याकाळी आली तेव्हा राग गिळून म्हणाली, "तुम्ही कारण सांगायला लागता तेव्हा माझ्या बसचा टाइम झालेला असतो. लिहून तरी ठेवा. मी वाचते." म्हणून लिहितो आहे. माझी शाळा दोन इयत्ता, तीही निजामाच्या राज्यात उर्दूतून. मराठी अक्षर मी दुकानांच्या पाट्या वाचून स्वतः कमावलंय, त्यामुळं त्यात कुणी चुका काढलेल्या मला खपत नाहीत. मास्तरणीनंही नाही.

ते साल निजामाच्या सरत्या राज्याचं होतं. देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं आणि आम्हाला मिळालं नव्हतं. पैनगंगेच्या पलीकडं एक राज्य, अलीकडं दुसरं. अलीकडच्या बाजूला खाकी डगल्यांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. त्यांच्यात कोण कोण होतं म्हणून विचाराल, तर परके होते आणि आमच्या मुलखातलेही होते. भाकरीसाठी आलेले होते, लुटीसाठी आलेले होते. ज्याच्या खांद्यावर बंदूक आली त्याची मी जात विचारली नाही.

त्या वर्षी ज्वारी अशी आली होती की माणूस आत शिरला तर वरून दिसू नये. कणीस हातात धरलं तर मूठ पुरत नव्हती. आणि ती सगळी सुगी मुकी गेली. एरवी कापणी म्हणजे बायांची गाणी, माळ्यावरून पाखरं हाकलणाऱ्याची आरोळी, गोफणीचा फटाका. त्या साली कुणी आवाज काढत नव्हतं. आवाज ऐकून टोळी येते हे सगळ्यांना ठाऊक झालेलं. चिमण्यांचे थवेच्या थवे कणसांवर उतरत होते, पोटभर खात होते, आणि आमचा राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण हातात धरून नुसता बघत होता. विळ्याचा कचकच एवढाच आवाज. मधेच कुणी खोकलं तरी चारी बाजूंनी माना वळायच्या.

बांधावर चढलं की लांब कुठंतरी धूर दिसायचा. आम्ही धुराच्या रंगावरून ओळखू लागलो होतो. पिवळट पांढरा म्हणजे कडबा. काळा, जाड म्हणजे घरं. कधी कधी वाऱ्यानं वास यायचा, त्या वासाबद्दल मी लिहीत नाही.

सगळ्यांना एकच घाई होती, टोळी यायच्या आत दाणा काढायचा, निम्मा जमिनीत पुरायचा आणि निम्मा पैनगंगेपार न्यायचा. पलीकडं पळून गेलेले आपलेच लोक छावण्यांत बसले होते, त्यांची लेकरं उपाशी होती. माझ्या दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, ज्वारीच्या गाड्या तिकडं पाठवल्या होत्या. हाकणारा मीच. आजही मला त्याची ऐट वाटते, लपवायचं काय त्यात?

घाईचं जेवण मी त्या सुगीत पाहिलं. आजकालच्या दोन मिनिटांच्या शेवयांचं कौतुक मला कुणी सांगू नये.

खळ्यावर चूल होती तीन दगडांची. ती माझ्या वैनीची, दादाच्या बायकोची. बुटकी बाई, पुढच्या दातांत फट, आणि हात असे की डोळ्यानं धरता येऊ नयेत. धूर दिसू नये म्हणून ती शेणी जाळायची नाही, ओलं लाकूड जाळायची नाही. तुरीची कडकडीत वाळलेली धाटं, तुराट्या फक्त, त्याही एक कवेभर. तुराटी भडकन पेटते, धूर करत नाही, आणि तितक्याच लवकर विझते. तेवढ्या जाळात जे शिजेल ते जेवण. आधण ठेवलं, येसर भुरभुरलं, दोनदा ढवळलं, जाळ संपला, हंडी उतरली. नाहीतर कणीक भाजून तिखट-पाण्यात वाफवलेली उकडपेंडी. भाकरी मात्र गावातून पहाटे थापून आणलेल्या.

दादा कापणीची पात सोडून हात धुवायला निघाला की म्हणायचा, "तुझ्या चुलीला इंजन लावलं का काय गं?"

"तुमी हात धुऊन येईस्तवर हुतंय. पर तुमचं हात धुणंच हुईना. न्हाणं घालून राहिले का हाताला?"

मी हसलो की तोफ माझ्याकडं वळायची. "भाऊजी, दात काढू नका. तुमच्या बायकोला मी ह्येच शिकवणार हाये. तुमच्यासारखं तापट माणूस आधण उकळेस्तवर दम धरतंय व्हय? उपाशी मरताल."

तिच्या हाताच्या दोन खोडी होत्या. त्या दोन्ही पुढं लागणार आहेत म्हणून आताच सांगतो. एक म्हणजे तिच्या येसरात मीठ कुटतानाच घातलेलं असायचं. ही चाल तिच्या माहेरची, हट्टा गावाकडची. रानात जेवण करताना मिठाची पुरचुंडी घरी विसरली की सगळी हंडी बाद होते, म्हणून तिच्या आईनं काढलेली युक्ती. आमच्या आईला ते कधी पटलं नाही. "मीठ वरून घालायची चीज हाये," ती म्हणायची. वैनीनं ऐकलं नाही. हट्टात ती माझ्यापेक्षा बोटभर वरच होती.

दुसरी खोड म्हणजे पहिलं वाढण राखणदाराला. घरधनी थांबला असेल, सासरा थांबला असेल, पण जो माळ्यावर किंवा बांधावर उभा आहे, ज्याला जागा सोडता येत नाही, त्याची पितळी आधी भरून जायची. मग बाकीच्यांची पंगत.

आता अळणीचं सांगतो. जवळा बाजार गावच्या बाजारात कासम पिंजारी कापूस पिंजायला बसायचा. आमच्या गाद्या त्याच्याच हातच्या. तो एक दिवस धनुकली खांद्यावर टाकून खळ्यावर आला, पाणी प्याला आणि दादाला बाजूला घेऊन बोलला. मी जवळच होतो, वैनीही चुलीपाशीच होती.

"पाटील, नदीकडच्या गावात टोळी आल्ती. घरधन्याच्या बायकूला बेसन करायला लावलं. बिगरमिठाचं."

"बिगरमिठाचं काहून?"

कासमनं जमिनीकडं बघितलं. "ज्याचं नमक खाल्लं त्याच्यावर हात उचलता येत न्हाई म्हणून. तेवढी रीत पाळतेत हरामखोर. जेवले, हात धुतले, ढेकर दिले आन् घरधन्याला अंगणात न्हेलं. त्याच्या लेकाला बी." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "तुमचं नाव तेंच्या तोंडात हाये. गाड्या न्हेल्या म्हणतेत. तुमी नदीपार जावा."

दादानं कणसांच्या ढिगाकडं बघितलं. "रास झाली की जातो," म्हणाला.

शेतकऱ्याला दुसरं बोलता येत नाही. पिकलेली ज्वारी खळ्यावर सोडून जायचं म्हणजे बाळंतिणीला सोडून जायचं. आणि दादाच्या जिवाची बाजी लागली होती ती त्या एका वाक्यावर.

ते आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मळणी चालू होती. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीला बैल जुंपलेले, गोल गोल फिरत होते, खुराखाली कणसं करकरत होती. दादा मागं चाबूक घेऊन. मला आधी काही दिसलं नाही. पवळ्या, आमचा आतल्या बाजूचा बैल, एकदम गुडघ्यावर बसला. मग आवाज आला. की आवाज आधी आला, ते आता सांगता येत नाही. पवळ्या कणसांवर आडवा झाला, जोडीदाराला दाव्यानं खाली ओढलं, तो हंबरत पाय झाडू लागला. पवळ्याच्या नाकातून निघालेलं रक्त ज्वारीत असं मुरत गेलं, जसं कोरड्या वावरात पाणी मुरतं.

ज्वारीच्या उभ्या धाटांतून खाकी डगले बाहेर आले. मजूर पळाले. ज्याला पळता आलं नाही तो मार खाऊन पडला. एका म्हाताऱ्या मजुराचा खांदा त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं असा मोडला की तो तुराटी मोडल्यागत वाजला. दादाला धरलं, पवळ्याचंच दावं सोडून घेतलं आणि त्याच दाव्यानं दादाला मेढीला बांधलं. मला दोघांनी खाली दाबून तोंडात माती भरली. मी एकाच्या मनगटाला चावलो. त्याचं बक्षीस म्हणून कानावर जी बसली तिचा हिशेब कान आजही देतो.

त्यांचा म्होरक्या होता त्याला बाकीचे उस्ताद म्हणत. बारीक माणूस, दाढी नीट कातरलेली, आवाज मऊ. तो दादासमोर उकिडवा बसला आणि गाड्यांचं विचारू लागला. विचारता विचारता वैनीकडं बघून म्हणाला, "खाना पकाओ. जल्दी. दिन डूबने के पयले हमना आगे जाना है."

त्यांनाही घाईच होती. मारणाऱ्याला पुढच्या गावाला वेळेवर पोचायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वैनी चुलीपाशी उभी होती. हलली नाही. उस्ताद उठला, चुलीजवळ आला, उकडपेंडीसाठी मिठाचं गाडगं होतं त्याला त्यानं लाथ घातली. गाडगं फुटलं, मीठ मातीत सांडलं. त्यावर त्यानं बूट फिरवला.

"नमक नक्को. समझी?"

दादानं मान वर केली. मीही केली. वैनीनं आमच्याकडं बघितलं. कासम पिंजाऱ्यानं सांगितलं ते तिघांनाही ठाऊक होतं.

माझ्या हाताच्या अंतरावर विळा पडला होता. दाबून धरणाऱ्याचा एक हात ढिला झालेला. मी ठरवलं होतं, एकाला तरी घेऊन जायचं. तेवढ्यात वैनीचा आवाज आला, रोजच्यासारखा, खेकसल्यासारखा.

"भाऊजी, लोळत काय पडलात? तुराट्या आणा."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं येसराचा डबा उघडला होता.

मला तेव्हा काही सुचलं नाही, खरं सांगतो. राग डोक्यात इतका होता की डब्यात मीठ आहे हे ध्यानातच आलं नाही. त्यांनी मला सोडलं, मागं बंदूक लावली. मी तुराट्या आणल्या. तिनं चूल पेटवली. आधण ठेवलं. मिरचीची फोडणी दिली, आणि येसर भुरभुरलं, एक मूठ, दुसरी मूठ. वास सुटला. मेलेल्या बैलाच्या, बारुदाच्या, घामाच्या वासावर तो वास चढला, आणि त्या टोळीतली माणसं जवळ सरकली. भूक अशी वंगाळ चीज आहे. मलाही भूक लागली. माझा भाऊ मेढीला बांधलेला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

एक जण लांब बांधावर रस्त्याकडं तोंड करून उभा होता, पहाऱ्याला. वैनीनं पहिली पितळी भरली, वर भाकरी ठेवली आणि माझ्या हातात दिली.

"बांधावरच्याला आदी."

"त्याला काहून?"

"राखणीवर हाये त्यो. न्या म्हणते ना!"

बाईचं डोकं फिरलं असं मला वाटलं. तरी नेऊन दिलं. बांधावरचा पोरसवदा होता, मिसरूड फुटलेलं. त्यानं माझ्याकडं न बघता पितळी घेतली आणि उभ्यानं खायला लागला. मग खळ्याच्या कडेला पंगत बसली. मी वाढत होतो. पहिला घास गेला तसं त्यातल्या एका थोराड माणसानं मान उचलून वैनीकडं बघितलं. त्याला कळलं. त्यानं शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यालाही कळलं होतं. दोघंही काही बोलले नाहीत. खाली मान घालून भराभरा जेवू लागले. का बोलले नाहीत हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. भुकेनं म्हणावं, की आणखी कशानं.

उस्ताद सगळ्यांत शेवटी बसला. दादानं तोवर त्याला काहीही सांगितलं नव्हतं. दादाच्या ओठातून रक्त येत होतं. उस्तादनं भाकरी कुस्करली, गरम घास तोंडात टाकला, गिळला, आणि दुसऱ्या घासाला हात थांबला.

"नमक है इसमें."

सगळी पंगत थांबली.

वैनी म्हणाली, "म्या घातलं न्हाई. गाडगं तुमीच फोडलं. येसरात कुटतानाच असतंय. आमच्याकडं रीत हाये."

तो उठला आणि त्यानं वैनीच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता हाणला. तिच्या फटीच्या दातांपैकी एक चुलीत पडला. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि पदरातूनच म्हणाली, "जेवा. निवून राहिलंय."

उस्तादनं पंगतीवर नजर फिरवली. खरकटे हात, खरकट्या दाढ्या. त्याचा मऊ आवाज पहिल्यांदा फाटला. "कौन नई खाया? कौन बाकी है?" मग त्याला बांधावरचा आठवला. त्यानं हाक मारली, हातानं खूण केली. तो पोरगा धावत आला. उस्तादनं स्वतःची बंदूक त्याच्या हातात दिली आणि मेढीकडं बोट केलं.

पोरगा बंदूक घेऊन उभा राहिला. त्याच्या मिशीला येसर लागलेलं होतं.

"उस्ताद, मैं तो सबसे पयले खाया."

त्यांच्यातलाच कुणीतरी फसकन हसला. त्याला उस्तादनं अशी लाथ घातली की तो हंडीवर पडता पडता वाचला. आम्हाला वाटलं, सुटलो. दादानं डोळे मिटले होते ते उघडले.

उस्तादनं मेढीकडं बघितलं. मग खाली वाकला, चुलीतली अर्धी जळकी तुराटी उचलली, तिच्यावर फुंकर मारून तिला पेटती केली आणि शांतपणे चालत जाऊन खळ्याच्या कडेला रचलेल्या कडब्याला लावली. दुसरी उचलली, ती कणसांच्या ढिगाला.

"हमने खाया," तो म्हणाला. "आग ने नई खाया."

आणि ते गेले. उन्हं उतरत होती, त्यांना पुढं पोचायचं होतं. वाचलेला बैल त्यांनी सोबत नेला. त्या थोराड माणसानं जाता जाता मागं वळून बघितलं, एवढंच.

कडबा पेटतो तेव्हा तो जळत नाही, झेप घेतो. मेढ खळ्याच्या मधोमध, दादा मेढीला, आणि चारी बाजूंनी ज्वारी. दादा ओरडला नाही. तो आम्हाला म्हणत होता, "मागं व्हा, मागं व्हा." मी विळा घेऊन आत घुसलो. दावं चामड्यासारखं चिवट, बैलाच्या मानेला आवळावं म्हणून मीच वळलेलं. कापता कापेना. माझ्या हातावरची कातडी सुटली, ती जागा अजून चकाकते, हात पुढं केला की लेकरं विचारतात. दादाच्या धोतरानं पेट घेतला. तेवढ्यात वैनी आली. तोंडातून रक्त गळत होतं आणि दोन्ही हातांत ती अजून कढत असलेली जड हंडी होती. उस्तादच्या जेवणातून उरलेलं सगळं कोरड्यास तिनं दादाच्या कमरेखाली ओतलं. आग विझली. दादा तेव्हा मात्र ओरडला. दावं तुटलं. पवळ्याच्या अंगावर अडखळत आम्ही तिघं बाहेर पडलो.

मागं ज्वारी जळत होती. आणि जळताना फुटत होती. तडतड, तडतड. एवढी मोठी रास, तिच्या लाह्या होत होत्या. पांढऱ्या लाह्या उडून आमच्या अंगावर पडत होत्या, केसांत अडकत होत्या. नागपंचमीला घरात सुटतो तोच वास. तेव्हापासून कुणी लाह्या फोडल्या की मी उठून बाहेर जातो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला धुराचा त्रास आहे. असू द्या.

कासम पिंजारी खबर लागताच आला. त्यानं नवा पिंजलेला कापूस खोबऱ्याच्या तेलात भिजवून दादाच्या मांड्यांवर थरावर थर लावला. दादा महिनाभर पालथा पडून होता. पुढं भादव्यात पलीकडून फौज आली आणि ते राज्य गेलं. तोपर्यंत आम्ही जळकी ज्वारी खाल्ली. राखेतून चाळून काढलेली, कडू. तिच्या भाकरीला रंग नव्हता आणि चव विचारू नये. तिच्यासोबत कोरड्यास काय, तर येसर. येसर तेवढं शिल्लक होतं, कारण त्याचा डबा वैनीनं रक्ताळल्या तोंडानं, नवऱ्याला ओढत नेतानाही काखेत धरलेला होता.

मी तिला नंतर विचारलं. एकदा नाही, पुष्कळदा. म्हातारी झाल्यावरही विचारलं.

"वैनी, मीठ तुमी मुद्दाम घातलं व्हय? का ध्यानात नव्हतं?"

"डब्यात हुतं. डबा हातात आला."

"आन् बांधावरच्याला आदी वाढलं ते?"

"मला काय ठावं हुतं भाऊजी, त्यो पुढं काय करणार हाये. उपाशी उभा हुता. हात तिकडं गेला." मग फटीतून, आता ती फट नव्हतीच, खिंडार होतं, हसायची. "तुमाला सगळं इचकटून बघायचं असतंय. हंडी शिजली न्हाई का? मग झालं."

दादा पुष्कळ जगला. लंगडत जगला, पण शेती केली, लेकी दिल्या, भांडणं केली. म्हातारपणी त्याला चक्कर येऊ लागली तेव्हा हिंगोलीला डॉक्टरला दाखवलं. तिथंही हेच, मीठ बंद. वैनी ऐकून घरी आली. संध्याकाळी तिनं दादापुढं ताट ठेवलं. डॉक्टरनं दम दिला होता, लेकांनी दम दिला होता, म्हणून तिनं वेगळं आधण ठेवून, वेगळं पीठ लावून, बिनमिठाचं केलं होतं. मी शेजारच्या पाटावर होतो. माझ्या ताटात रोजचं होतं.

दादानं घास घेतला. गिळला. ताटाकडं बघितलं, मग वैनीकडं बघितलं.

"काय गं," तो म्हणाला, "जेवण झाल्यावर मारती का काय मला?"

त्या दिवसाबद्दल दादानं घरात काढलेला हा पहिला शब्द. मी हसलो, दादाही हसत होता. वैनी हसली नाही. खळ्यावर जिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं ती बाई चुलीपुढं बसून गदगदा रडली. मग उठली, पदरानं तोंड पुसलं, कोपऱ्यातलं मिठाचं गाडगं आणलं आणि दादाच्या ताटात चिमूट सोडली. थोडं जास्तच सांडलं.

"डॉक्टरच्या मिठानं मरायचं आसंल तर मरा," ती म्हणाली. "माझ्या हातचं अळणी खाऊन न्हाई."

दादा ते ताट पुसून जेवला. त्यानंतरही तो काही पावसाळे जगला. मिठामुळं गेला की वयामुळं, ते डॉक्टरला विचारा, मला नाही.

मीना, तू आता हे वाचलंस. तुझ्या डॉक्टरचं बराबर असेल, तो शिकलेला आहे. मी तुझ्याशी भांडत नाही. तुझी घाई मला दिसते, तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात, आणि घाईत का होईना तू बाजारच्या पुड्या सोडून माझ्या वैनीचं येसर करतेस याचा मला अभिमान आहे. तुझ्यासमोर मी तो कधी बोलून दाखवणार नाही. चवीचं म्हणशील तर ते राहू दे, जीभ तशीही निम्मी गेली आहे. पण या घरात घरच्या माणसापुढं बिनमिठाचं ताट येत नाही. नखाएवढं घाल. कणभर घाल. मला लागलं नाही तरी चालेल, त्यात असलं पाहिजे.

आजचंही ताट माझ्यापुढं झाकून आहे. शाळेत जायच्या आधी गाडगं घेऊन ये. मग उघडतो.